खाट बारा

या, जरा जवळ सरका, एका लेकीची गोष्ट सांगतो. रुग्णालयासाठी निरोपांचे साचे लिहिणं तिचं काम; आज तिने तो सगळा संग्रह एआय एजंटला जोडला, म्हणजे नातेवाइकांना निरोप आता तोच धाडणार. जोडताच पडद्यावर ओळ उमटली: 'खाट बारा, निधनाचा निरोप, पत्नीला पोचला.' परक्याचं अशुभ चिंतायला नको म्हणून चाचणीत तिने आपल्याच वडिलांची खाट घातली होती, ती पुसायचीच राहिली. धावत खाली गेली तर प्लास्टरमधला पाय पसरून बाबा संत्रं सोलत होते. "काय गं, भूत पाहिलंस?" ती घरी फोन लावत होती. तिथे बायपास झालेली आई एकटीच होती. घंटा वाजत राहिली. "झोपली असेल, कुंभकर्णाची बहीण! हे अर्धं तिला ने." हात जोडाल तेव्हा त्या माउलीला आठवा.