पाचवा फोन

"बाबा, किती वेळा सांगू, मीटिंगमध्ये आहे मी!" श्वेता दबक्या आवाजात ओरडली. अंधेरीच्या ऑफिसात सगळे तिच्याकडे बघत होते. पडद्यावर दत्तारामांचं अर्धंच तोंड दिसत होतं, तेही अडकलेलं. मागे बोरिवलीचा मासळीबाजार. आवाज मागाहून आला.

"बांगडे घेऊ की मांदेली? आणि गो, हा फोन लय हळू चालतोय!"

हळू चालणारच. तिनेच तो हळू केला होता. प्रोसेसरचा वेग कमी करून फोनची बॅटरी वाचवायची, हेच तिचं काम. चाचणीला पाच फोन हवे होते. पाचवा तिने बाबांचा घेतला आणि डोक्याला ताप करून घेतला. आई गेल्यापासून त्यांचं हे रोजचंच. सकाळी बाजारातून फोन, दुपारी कुकरच्या शिट्ट्या विचारायला, संध्याकाळी उगाच.

"तो तसाच चालणार. तुम्ही घाई करू नका!" म्हणत तिने फोन कापला.

इकडे चार फोनांनी माती खाल्ली. बॅटरी दीड दिवसापुढे सरकेना. टीमचा प्रमुख हर्षद रोज करवादायचा, "तीन दिवस टिकली नाही तर प्रोजेक्ट बंद. वाट लागेल यार!" श्वेताला रात्री झोप लागेना.

पंधरा दिवसांनी पाचव्या फोनचे आकडे आले. बहात्तर तास! हर्षदने टेबलावर हात आपटला. "झकास! सोमवारी साहेबांना हाच दाखवू." श्वेताच्या जिवात जीव आला. बाबांच्या तक्रारीही बंद झाल्या होत्या. झाली एकदाची सवय, सुटले बाई, असंच तिला वाटलं.

रविवारी ती पेढे घेऊन बोरिवलीला गेली. दत्ताराम खोबरं खवत बसले होते. फोन फ्रिजवर होता, आईच्या रुमालात नीट गुंडाळलेला.

"बाबा, तुमचा फोन पहिला आला! बॅटरी तीन दिवस टिकवलीत तरी कशी?"

"मी तो वापरतंय खंय गो!" दत्तारामांनी पेढा मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. "तूच म्हणालीस ना, घाई करू नका. म्हटलं, आता तू लावशील तेव्हाच बोलू."