काचेवर टकटक

"बघा काकू, हुबेहूब काका आहेत की नाही?" ग्राफिक्सवाल्याने आपली खुर्ची बाजूला सरकवली.

हुबेहूब होता. पडद्यावर तिचा नवरा, वय एकतीस, अंतराळवीराच्या पोशाखात. मागे जांभळ्या धुळीचे ढग, कललेला एक ग्रह, त्याच्यावरून सांडणारा उजेड. सिनेमाच्या पहिल्या भागात अख्खं अंतराळ म्हणजे एक काळा पडदा आणि त्याला पाडलेली भोकं. ती भोकं तिनेच पाडली होती आणि तो पोशाखही तिनेच शिवला होता. आता चौतीस वर्षांनी दुसरा भाग निघत होता. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, म्हणून त्याचा चेहरा वापरायची परवानगी तिच्याकडे मागितली होती. कागद समोरच होता. सही करायची हे ती घरूनच ठरवून आली होती. त्याला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढाच तिचा स्वार्थ.

पडद्यावरच्या नवऱ्याने हात वर केला आणि हेल्मेटच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं.

ती ताडकन उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तरी उठलीच.

"हे कुठून आणलंत?"

"अहो, ती तर काकांची खूण! जुन्या सिनेमातून जशीच्या तशी उचललीय. लहानपणी आम्ही डोक्यावर बादली पालथी घालून हेच करत फिरायचो. या भागात चौदा वेळा टाकलीय. लोक वेडे होतील."

"खूण होती खरी. पण ती माझ्यासाठी," ती म्हणाली. "त्या डबड्यात हवा जायला जागाच नव्हती. हे कसेबसे दोन मिनिटं काढायचे आणि मग टकटक करायचे. म्हणजे जीव गुदमरतोय, उघड. मी धावत जाऊन काच उघडायची. एकदा तेवढ्यात कॅमेरा चालू राहिला, आणि दिग्दर्शकाला तेच आवडलं."

ग्राफिक्सवाला हसायला गेला, पण हसू ओठातच राहिलं. प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. ढग, ग्रह, उजेड. टकटक. नवऱ्याचे डोळे कॅमेऱ्याच्या डावीकडे कोणाला तरी शोधत होते. तिथेच ती उभी असायची.

तिला भीती वाटली. तिने चष्मा चढवला आणि पडद्याजवळ जाऊन हेल्मेटच्या कडेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"सही करते मी," ती म्हणाली. "आधी मला खटका दाखवा. इथे मानेपाशी होता, काच उघडायचा. मीच बसवला होता."



"तो दिसायला बरा नव्हता, काकू. आम्ही काढून टाकला."