पेटीतला पंजा

पंजा लढवायच्या जुन्या यंत्राचा लोखंडी हात पाठवताना काढायचा आणि वेगळ्या पेटीत भरायचा. नाहीतर वाटेतल्या दणक्यांनी तोच यंत्राची काच फोडतो. पाठवणाऱ्याने तसंच केलं होतं.

तरी दारात उतरलेला यंत्राचा मोठा लाकडी खोका फुटलेला होता.

"सही करू नकोस," बायको म्हणाली. "एकदा सही केली की बोंब मारायची सोय नाही. आधी फोटो काढ."

फोटो काढताना माझ्या लक्षात आलं. बाहेरून धक्का लागला की फळ्या आत दबतात. या आतून बाहेर फुटल्या होत्या, आणि प्रत्येक तडाख्याच्या जागी चार बोटांचे सांधे उमटले होते.

खोका उघडला. यंत्रावर ओरखडासुद्धा नव्हता. हाताच्या जागी रिकामं भोक होतं.

"हात कुठाय?" मी गाडीबरोबर आलेल्या हमालावर खेकसलो.

"केबिनमध्ये माझ्या मांडीवर होता. सील बघा, तसंच आहे." त्याने डाव्या हाताने पेटी पुढे केली. उजवा हात फडक्यात बांधलेला होता, कोपरापासून उलटा वळलेला. "मागे दणदण ऐकू आली म्हणून गाडी थांबवली, साहेब. खोक्याच्या फटीत नुसता हात घातला."

मी सील तोडलं. लोखंडी पंजा स्पंजमध्ये उताणा पडला होता, बोटं उघडी.

माझ्या पाठीमागे बायको यंत्राच्या गादीवर कोपर टेकून काच पुसत होती.

पेटीतली बोटं सावकाश मिटू लागली.

"अरे," बायको म्हणाली, "माझा हात कोणी धरलाय?"

पंजा करकचून मिटला, आणि मागे फळी मोडावी तसा आवाज झाला.