राक्षसांचं तोरण

"आबा, हिचे डोळे अजून लाल करा," ओवी म्हणाली. आठवडी बाजारातल्या स्वस्त बाहुल्यांना काजळी फासून आजोबा-नात दिवाळीचं तोरण करत होती.

शेजारच्या गोदाक्का दारातच थबकल्या. "वासुदेवराव, सून जाऊन चार महिने नाही झाले. यंदा दाराला तोरण चालतं का?"

"फुलांचं चालत नाही. राक्षसांचं कुठल्या पोथीत लिहिलंय?" एवढं बोलून आबांना खोकल्याची उबळ आली.

ओवीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "गोदाआजी, हे बघून यम भिऊन माघारी जाईल. आईला नेलं तसं आबांना नेणार नाही."

यमापुढे कुणाचा वशिला चालत नाही, हे आबांनी जन्मभर कीर्तनात मान डोलावत ऐकलं होतं. आताही ते ओठांवर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं, आणि बाहुलीच्या तोंडात तांदळाचा आणखी एक सुळा चिकटवला.