घरची तंबाखू

बापकनी तंबाखूचा डबा पाहुण्याबाईंपुढे ठेवला आणि लिस्त्योने चमकून बापाकडे पाहिलं.

"घ्या, बाई. आपल्याच शेतातली. वरच्या पट्ट्यातली आहे, व्यापाऱ्याला दिली नाही."

"मी नाही ओढत," हार्तिनीबाई हसून म्हणाल्या. चहाचा पेला बाजूला सरकवून त्यांनी मांडीवर फॉर्म पसरला. "लिस्त्योच्या शिष्यवृत्तीची घरचौकशी आहे. दोन-चार प्रश्न विचारते नि निघते."

सुंबिंग डोंगराच्या उतारावरच्या या गावात पाहुण्यापुढे डबा ठेवायचा नाही म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवायचं. अंगणात तट्ट्यांवर चिरलेली तंबाखू वाळत पडलेली, घरभर तिचाच वास. बापाला बोल तरी कसा लावणार? फॉर्मच्या तिसऱ्या पानावर काय लिहिलंय ते लिस्त्योनेच घरात सांगितलं नव्हतं. 'मी धूम्रपान करत नाही', आणि खाली त्याची ठसठशीत सही. जोग्जा शहरात, कॉलेजच्या कॅन्टीनमागे उभ्या उभ्या केली होती ती, दुसऱ्या हातात अर्धी सिगारेट धरून. शिष्यवृत्ती हुकली तर शेवटचं वर्षही हुकलं, एवढं मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई लिहीत होत्या. खोल्या किती, शेत किती, भावंडं किती. बापक उत्तरं देता देता कागदावर तंबाखू पसरत होते. वर लवंगेच्या चुऱ्याची चिमूट टाकली, जिभेने कड ओली केली, बोटांत एकदा फिरवली. सिगारेट सुरेख वळली गेली. पण ती त्यांनी स्वतःच्या तोंडात धरली नाही. लिस्त्योपुढे धरली.

"घे."

अरे देवा! लिस्त्यो बघतच राहिला.

या घरात बाप मुलाला स्वतः वळून देतो ती एकदाच. त्या दिवसापासून मुलाने बापाशेजारी बसून ओढायची आणि घरातल्या बोलण्यात तोंड घालायचं. थोरल्याला दिली तेव्हा आईने कोंबडा कापला होता. तेव्हापासून लिस्त्यो वाट बघत होता. आणि बापकनी मुहूर्त काढला तो हा!

"पोरगं शहरात शिकतंय, आता मोठं झालं," बापक बाईंना म्हणाले. "बरं झालं, तुम्हीही आहात साक्षीला."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी लिस्त्योकडे पाहिलं.

"मी नाही ओढत, बापक," लिस्त्यो म्हणाला.

बापाचा पुढे केलेला हात क्षणभर तसाच राहिला. मग बापकनी ती सिगारेट कानामागे खोचली आणि तळलेल्या केळ्यांची बशी बाईंपुढे केली. बाईंनी तिसऱ्या पानावर खूण केली.

"घरात एवढी तंबाखू असून!" निघताना त्या म्हणाल्या. "कमाल आहे हो तुमच्या मुलाची."

त्यांची स्कूटर वळणाआड गेली तेव्हा कुठे लिस्त्योने सगळं सांगून टाकलं. ती अट, ती सही. "फॉर्मसाठी म्हणालो, बापक. एरवी तुमच्या हातची नाकारली असती का मी?"

बापक जवळ आले. त्याच्या शर्टाची कॉलर त्यांनी नाकाशी धरली आणि दलाल मूठभर माल हुंगतो तसे दोनदा हुंगले.

"परवाची आहे," ते म्हणाले. "कारखान्यातली. वरून सुगंध मारलेली. पान आपल्या डोंगराचं नाहीच."

लिस्त्योने मान खाली घातली.

"तू येतोस तेव्हा तुझे कपडे आई धुते, पिशवीतून काढून मी देतो. दोन वर्षं हा वास येतोय. म्हटलं, ओढतोच आहे कार्टा, तर घरची तरी ओढू दे, माझ्याजवळ बसून." बापक रागावलेले नव्हते. रागावले असते तर लिस्त्योला सोपं गेलं असतं.

"चुकलो, बापक," त्याने हात पुढे केला. "द्या ती. आता बाई गेल्या."

बापकनी कानामागची सिगारेट काढली, कागद उलगडला आणि तंबाखू चिमटी-चिमटीने डब्यात परत टाकली.

"त्या बाईच्या साक्षीने मला 'नाही ओढत' म्हणालास ना?" त्यांनी झाकण दाबून बसवलं. "मग आता ओढायची नाहीच."