लव्हॉनबाईंचा थर्मास

आर्लिसबाई बास्केटबॉलच्या मैदानाची मधली रेघ ओलांडून सरळ हॅलोरनच्या कोपऱ्याकडे निघाल्या, आणि शाळेच्या व्यायामशाळेतली कुजबुज एकदम थांबली.

आमच्या आयोवात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला मतदानाची चिठ्ठी-बिठ्ठी नसते. जानेवारीच्या थंडीत संध्याकाळी जमायचं आणि आपल्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. लपवाछपवीला वाव नाही.

सिनेटर हॅलोरन निवडून आले तर सातासमुद्रापलीकडचं आपलं युद्ध चालूच राहणार होतं. ते स्वतःच प्रत्येक भाषणात तसं सांगत. आणि आर्लिसबाई म्हणजे गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी कोर्टासमोर ‘युद्ध थांबवा’ची पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या. त्यात त्यांचा नातू नील्स उन्हाळ्यात सैन्यातून तिकडे लढायला जायचा होता. त्या धसक्याने बाई अर्ध्या झाल्या होत्या.

“आर्लिस! तो त्यांचा कोपरा आहे!” युद्धविरोधी उमेदवार असलेल्या प्राध्यापकाच्या कोपऱ्यातून लव्हॉनबाई ओरडल्या. या त्यांच्या बालपणापासूनच्या मैत्रीण, शुक्रवारची पाटी दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या. चर्चच्या नाताळच्या नाटकात दरवर्षी दुष्ट हेरोद राजा त्याच होतात. आवाजाचं वेगळं सांगायला नको.

“ठाऊक आहे मला,” आर्लिसबाई म्हणाल्या.

“अगं, नील्सला तिकडे धाडणाऱ्याच्या मागे उभी राहतेस?”

“मग काय करू? आपला प्राध्यापक भला माणूस आहे, पण मागच्या खेपेला त्याच्या कोपऱ्यात पुरेशी डोकी जमली नाहीत म्हणून कोपरा मोडला. आपण तोंड फुगवून घरी गेलो. थांबलं का युद्ध? हॅलोरन पडला तर पलीकडच्या पक्षाचा तो आगलाव्या येईल आणि आणखी एक युद्ध काढेल. हा निदान ऐकून तरी घेतो.”

“ऐकून घेतो म्हणे! माझा नवराही ऐकून घ्यायचा. नळ अजून गळतोय!”

लोक हसले. लव्हॉनबाई मात्र हसल्या नाहीत. तरातरा मैदान ओलांडून त्या आल्या आणि आर्लिसबाईंच्या काखेतला थर्मास त्यांनी हिसकावून घेतला.

“माझा आहे हा! आणि घरी कशी जातेस तेही बघते. गद्दार!”

मोतीबिंदू झाल्यापासून आर्लिसबाईंनी गाडी चालवणं सोडलं होतं. त्यांना आणलं होतं ते लव्हॉनबाईंनीच. “गद्दार! गद्दार!” करत त्या बाहेर पडल्या आणि दार असं आपटलं की बास्केटची जाळी हलली.

डोकी कमी पडून प्राध्यापकाचा कोपरा अर्थातच मोडला; आता तिथल्यांना दुसरा कोपरा धरायची मोकळीक होती. शुक्रवारच्या बाकी बायका माना खाली घालून आर्लिसबाईंच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. एकीने तर रुमालच तोंडावर धरला होता.

हॅलोरनचा कोपरा सांभाळायला लाइल होता. गावात विमे विकतो. तिसरीत त्याला आर्लिसबाईंनीच शिकवलं होतं.

“मंडळी, मार्चमध्ये काउंटीचा मेळावा आहे,” तो म्हणाला. “हॅलोरनसाहेबांचे प्रतिनिधी पाठवायचेत. मत साहेबांना द्यायचं. नंतर दिवसभर पक्षाचे ठराव असतात, त्यात ज्याने त्याने आपल्या मनाने हात वर करायचा. कोण येतंय?”

ठराव म्हटल्यावर सगळे बुटांकडे बघू लागले. अख्खा शनिवार जाणार, वर वाळलेली हॅम सँडविचेस. कुणाच्या गायी नेमक्या त्याच दिवशी विणार होत्या, कुणाच्या मेहुण्याचं लग्न निघालं. शिवाय घरी टीव्हीवर मॅच सुरू झाली होती.

“मी जाईन,” आर्लिसबाई म्हणाल्या. “या बायकाही येतील. शुक्रवारची पाटी सुटलीच, आता मोकळ्याच झालो आम्ही.”

लाइल घुटमळला. “बाई, रागावू नका, पण... साहेबांना पाठिंबा नक्की ना?”

“लाइल, तुझ्यादेखत माझी जन्माची मैत्रीण गेली. आणखी काय दाखवू तुला?”

लाइलचा चेहरा पडला. त्याने कोपऱ्याला विचारलं, कोपऱ्याने सुटका झाल्यासारखं “हो, हो” म्हटलं, आणि प्रतिनिधींच्या सगळ्या जागा आर्लिसबाईंना आणि त्यांच्या बायकांना मिळाल्या. हॅलोरनचा बिल्ला लाइलने स्वतःच्या हाताने त्यांच्या कोटाला लावला.

“घरी सोडतो, बाई.”

“नको रे बाळा. चालते थोडी. एकटीला बरं वाटेल.”

चर्चच्या मागच्या गल्लीत एक जुनाट पिकअप इंजिन सुरू ठेवून उभा होता. आर्लिसबाई जवळ आल्या तशी काच खाली झाली.

“ये गं बाई आत, गारठशील,” लव्हॉनबाई म्हणाल्या आणि थर्मासमधली वाफाळती कॉफी त्यांनी पुढे केली. “किती जागा?”

“सगळ्या.”

“पलीकडच्या गावातूनही फोन आला. तिथेही सगळ्या आपल्याच बायकांना. आता मार्चच्या मेळाव्यात ‘सैन्य परत आणा’चा ठराव कोण पाडतो तेच बघू.”

आर्लिसबाईंनी कपाला दोन्ही हात शेकले आणि डोळे वटारले.

“पण गद्दार एकदाच म्हणायचं ठरलं होतं, लव्हॉन. आणि थर्मासचं तर काही ठरलंच नव्हतं!”