जुना कीबोर्ड

“फुकट आहे, व्हायरस लागत नाही, कॉम्प्युटरवर एकदा लिनक्स सिस्टिम वापरून तरी बघा,” म्हणत सुश्रुत वर्षभर बाबांच्या मागे लागला होता. आई गेल्यापासून वॉटफर्डच्या घरात बाबांना कॉम्प्युटरचीच सोबत होती, आणि तो सारखा अडकायचा. अखेर शनिवारी ते तयार झाले. संध्याकाळपर्यंत सुश्रुतने सगळं नवं बसवलं, कीबोर्डही नवा जोडला. बाबांनी आईची पाककृतींची फाइल उघडली. मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटली. “मराठी फॉन्ट टाकायचा राहिला, बाबा. उद्या टाकतो.” “असू दे. आईचा कीबोर्ड दे, त्यावरून एकेक अक्षर जुळवून वाचतो.” त्याच्या प्रत्येक बटणावर आईने मराठी अक्षर लिहून चिकटवलं होतं. सुश्रुतचा चेहरा उतरला. “तो दुपारीच कौन्सिलच्या टिपवर, कचरा डेपोत, फेकून आलो.” नव्या कीबोर्डच्या बटणांवरून बाबांनी हात फिरवला. “फॉन्ट मिळेल रे. घरात तिच्या हातचं अक्षर तेवढंच होतं.”